उघड्या पोत्यातला मसाला

मिरी, धणे, मिरची, हळद यांवर जिवाणू बसतात ते बाजारात येण्याच्या कितीतरी आधी. माल जमिनीवर वाळतो तेव्हा माती लागते, वर पक्षी-उंदरांची विष्ठा. भिवंडीत रस्त्यालगत तोंड उघडं टाकून ठेवलेल्या पोत्यात मग रहदारीची धूळ, माश्या आणि मूठ भरून माल तोलणारा हात यांची भर पडते.

कोरड्या मसाल्यात जिवाणू वाढत नाहीत, पण सहजासहजी मरतही नाहीत. साल्मोनेला हा जिवाणू महिनोन्‌महिने तग धरतो. अमेरिकेत २००९-१० मध्ये सलामी या सॉसेजला लावलेल्या मिरीतून त्याची बाधा पसरली आणि २७२ जण आजारी पडले. बॅसिलस सीरियसचे बीजाणू तर उकळीलाही दाद देत नाहीत. मसालेभात रात्रभर ओट्यावर राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. लवंग-दालचिनी त्यामानाने बरी, कारण त्यांतलं तेलच जिवाणूंना मारक असतं.

भारतीय मानकांनुसार २५ ग्रॅम मसाल्यात साल्मोनेला अजिबात सापडता कामा नये. भिवंडीपासून फार दूर नसलेल्या वाशीत २००० सालापासून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी मसाले निर्जंतुक करणारा सरकारी प्रकल्प आहे. सुटा माल मात्र सहसा अशा प्रक्रियेविनाच विकला जातो.

फोडणीत आणि रटरटत्या आमटीत साल्मोनेला टिकत नाही. खरा धोका ताकावर, कोशिंबिरीवर किंवा कापलेल्या काकडीवर कच्चाच भुरभुरलेल्या मसाल्याचा.