प्रयोगशाळेतले पाणी आणि डायहाउसचे पाणी



२०१७च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईजवळच्या तळोज्यात निळ्या अंगाची कुत्री हिंडताना दिसली. कासाडी नदीच्या परिसरातली त्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली आणि प्रदूषणाबद्दल एका कारखान्याला टाळे लागले. रंग दिसला की खळबळ उडते. पाण्यातला अपाय मात्र रंगासोबत जातोच असे नाही, आणि प्रकाशाच्या बळावर पाण्यातली द्रव्ये मोडणाऱ्या प्रकाश-उत्प्रेरकांच्या संशोधनाची खरी परीक्षा तिथेच आहे.

मूळ कल्पना विलक्षण आहे. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये टिटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर अतिनील प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करून दाखवले. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तेच हे द्रव्य. प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन जागा सोडतो आणि मागे रिती जागा उरते. ती पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक घडवते, आणि तो मूलक भेटेल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. तुरटी-चुन्याने रंग पाण्यातून निघून गाळात जाऊन बसतो; इथे रेणूच मोडतो.

अडचण प्रकाशाची आहे. या द्रव्याच्या अनाटेज रूपाला सुमारे ३८७ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबी लागते आणि सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम ४-५ टक्के. म्हणून बिस्मथ व्हॅनाडेट, कार्बन नायट्राइड असे दृश्य प्रकाशावर चालणारे पदार्थ शोधले गेले.

त्यांची चाचणी बहुतेक वेळा मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्यावर होते. चंचुपात्रातले निळे पाणी तासाभरात नितळ होते, आलेख उतरतो, शोधनिबंध तयार होतो. पण मिथिलीन ब्लू स्वतःच ६६४ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो आणि इलेक्ट्रॉन उत्प्रेरकाला देऊन आपणच बिघडतो. अशा वेळी उत्प्रेरकाचे श्रेय किती, हे कळत नाही. ऑक्सिजन कमी असेल तर त्याचे रंगहीन रूपही तयार होते. ते पात्र उघड्यावर नीट हलवले की निळाई पुन्हा चढते. ज्याचा रंग गेला असे म्हटले गेले, ते द्रव्य तिथेच असते.

आता इचलकरंजी किंवा सोलापूरच्या डायहाउसमधले, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यातले, पाणी पाहावे. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढावा म्हणून लिटरमागे पन्नासेक ग्रॅम मीठ घालतात, वर सोडा. क्लोराइड आणि कार्बोनेट त्या मूलकांना वाटेतच गिळतात. गडद पाण्यात प्रकाश खोल शिरत नाही. नॅनो-भुकटी वापरली तर ती गाळून परत मिळवणे हे वेगळेच दुखणे. काचेवर बसवली तर काम करणारा पृष्ठभाग घटतो. त्यामुळे हे तंत्र पहिल्याच टाकीला जुंपण्यापेक्षा जैविक प्रक्रियेनंतर, उरलेल्या हट्टी रेणूंसाठी वापरणे शहाणपणाचे.

तिरुपूरच्या डायहाउसना २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद व्हावे लागले होते. हजारो हातांचे काम थांबले. इतक्या माणसांची भाकरी ज्या पाण्याशी बांधलेली आहे, त्याचा अभ्यास केवळ ऊर्ध्वपातित पाण्यात करणे अन्यायाचे आहे.

म्हणून प्रकाश-उत्प्रेरकांवरच्या परिषदांनी शोधनिबंधांसाठी साधी अट घालावी. डायहाउसचे खरे सांडपाणी, खरे ऊन, रंगाबरोबर एकूण सेंद्रिय कार्बनचीही मोजणी, तीच भुकटी पुन्हा पुन्हा वापरून मिळालेले आकडे, आणि प्रक्रिया केलेल्या पाण्यात मूग रुजतो का याची नोंद. नमुने घ्यायला डाइंग मास्टरांना सोबत घ्यावे. काळ्या रंगाच्या घाण्याचा पहिला निचरा आणि साबणधुणीनंतरचा निचरा यांत किती फरक असतो, हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक असते.