तंबाखूचें व्यसन आणि औषधाचें साहाय्य



व्यसन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मद्यपी उभा राहतो. परंतु खानदेशांत जें व्यसन दिवसाढवळ्या आणि वडीलधाऱ्यांच्या देखत चालतें, तें तंबाखूचें. जळगांवच्या बाजारांत, धुळ्याच्या पेठेंत, केळीच्या बागांत आणि कापसाच्या जिनांत तळहातावर तंबाखू व चुना दिवसांतून कितीदां मळला जातो, याची गणना कोणी ठेवीत नाहीं. कित्येक घरांत स्त्रिया दांतांस मशेरी लावितात व तिला व्यसन न म्हणतां दांतांचें औषध म्हणतात. २०१६-१७ सालच्या पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा २६.६ लोक तंबाखू सेवन करीत होते. त्यांतील बहुतेकांची तंबाखू चघळण्याची वा दांतांस लावण्याची होती. गुटख्यावर २०१२ सालीं बंदी आली; परंतु कायदा दुकान बंद करूं शकतो, मेंदूंतील ओढ नव्हे.

ही ओढ येते कोठून? तंबाखूंतील निकोटिन हें उत्तेजक द्रव्य आहे. तें रक्तावाटे मेंदूंत पोंचतें आणि डोपामाइन नांवाचें, सुखाची जाणीव देणारें द्रव्य तेथें स्रवावयास लावतें. चुन्याच्या क्षारामुळें निकोटिन तोंडाच्या अस्तरांतून अधिक वेगानें शोषलें जातें. कालांतरानें मेंदू या पुरवठ्यास सरावतो. तो अकस्मात् थांबला कीं चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश, बद्धकोष्ठ, कामांत लक्ष न लागणें हीं लक्षणें उद्भवतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत तीं अत्यंत तीव्र असतात व तीन-चार आठवड्यांत बहुधा ओसरतात.

अशा वेळीं आपल्याकडे एकच उपदेश ऐकूं येतो : मनाचा निग्रह करा. निग्रह हवा, यांत शंका नाहीं. परंतु धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासांत असें आढळलें आहे कीं, कोणत्याहि साहाय्यावांचून प्रयत्न करणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें तीन ते पांच जणच सहा महिने वा अधिक काळ त्यापासून दूर राहतात. उरलेले सारे दुर्बल मनाचे, असें म्हणणें म्हणजे रोग्यालाच रोगाबद्दल दोष देणें होय. हा दोष ऐकून ऐकून मनुष्य दुसऱ्यांदा प्रयत्न करण्याचें धैर्य गमावतो, हें खरें नुकसान.

या रोगावर औषधें आहेत. पहिलें निकोटिनचा गम. दुसरें व्हॅरेनिक्लिन, तें मेंदूंतील निकोटिनच्या जागा अडवून धरतें, त्यामुळें ओढ कमी होते आणि तंबाखू घेतली तरी पूर्वींचें सुख मिळत नाहीं. तिसरें ब्युप्रोपियॉन, तें मूळचें खिन्नतेवरील औषध. हीं शेवटचीं दोन तंबाखू सोडण्याच्या दिवसापूर्वीं आठवडा-दोन आठवडे सुरू करावयाचीं असतात. परंतु ज्यास अपस्माराचे झटके येतात त्यास ब्युप्रोपियॉन वर्ज्य आहे. व्हॅरेनिक्लिननें मळमळ होऊं शकते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून, शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून, हीं औषधें घेऊं नयेत. जागतिक आरोग्य संघटनेनें निकोटिनच्या औषधांस २००९ सालीं व उरलेल्या दोहोंस २०२१ सालीं आवश्यक औषधांच्या यादींत स्थान दिलें. कोकेन, मेथाम्फेटामाइन अशा दुसऱ्या उत्तेजकांच्या व्यसनावर इतकें सर्वमान्य औषध अद्यापि सांपडलेलें नाहीं. तेथें समुपदेशनावरच मुख्य भिस्त असते. तंबाखू सोडूं इच्छिणाऱ्याच्या हातीं जें साधन आहे, त्याचें मोल यावरून कळावें.

कोणी म्हणेल, निकोटिन सोडण्यासाठीं निकोटिनच घ्यावयाचें, हें एक व्यसन टाकून दुसरें धरणें नव्हे काय? नव्हे. गममधून निकोटिन हळूहळू व अल्प प्रमाणांत मिळतें, तंबाखूंतील कर्करोगकारक द्रव्यें त्यांत नसतात, आणि मात्रा उतरवीत साधारणतः तीन महिन्यांत तो थांबवावयाचा असतो. हाड मोडलें असतां बांधलेली फळी हाडाची जागा घेत नाहीं. हाड सांधेपर्यंत आधार देते. मात्र गम पानासारखा सतत चघळून रस गिळूं नये. त्यानें उचकी व जळजळ होते. थोडा चावावा, तोंडांत चुरचुर जाणवली कीं गालांत धरून ठेवावा, चुरचुर ओसरली कीं पुन्हां चावावा. चहा किंवा लिंबाच्या सरबताबरोबर तो घेऊं नये. आम्लामुळें औषध नीट शोषलें जात नाहीं.

औषध ओढ कमी करतें. संवय मात्र मनुष्यानेंच मोडावयाची असते. चहानंतरची डबी, मित्राचा पुढें आलेला हात यांना काय उत्तर द्यावें, हें समुपदेशकाशीं बोलून आधींच ठरवावें. यासाठीं जळगांव व धुळें येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाकडे जातां येतें. शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनीवरहि सल्ला मिळतो.

घरच्यांनीं एवढें करावें : पहिल्या आठवड्यांतील चिडचिड मनावर घेऊं नये, आणि एखाद्या दिवशीं चुकून बार भरला गेला तर ‘आम्ही म्हणत नव्हतों!’ असें म्हणूं नये. औषध चालूच ठेवावें व डॉक्टरांस सांगावें. घसरलेल्या माणसास टोमणा नको असतो. पुढच्या प्रयत्नास सोबत हवी असते.