ऐकणाऱ्यांचं कोण ऐकतं?



1992 ते 1995 या काळात बोस्नियात युद्ध पेटलं होतं. हजारो स्त्रियांवर बलात्कार झाले आणि त्यात बहुसंख्य मुस्लिम होत्या. घरदार सोडून निघालेल्या कित्येकजणी झेनित्सा या पोलाद कारखान्याच्या शहरात पोचल्या. तिथे एप्रिल 1993 मध्ये जर्मनीहून आलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मोनिका हाउझर आणि स्थानिक स्त्रियांनी मिळून ‘मेडिका झेनित्सा’ हे केंद्र उघडलं. दवाखाना, निवारा, बालवाडी आणि मन मोकळं करायला एक जागा, असं सगळं एका छपराखाली.

इथल्या डॉक्टर, नर्स, मानसशास्त्रज्ञ बहुतेक मुस्लिम होत्या. सर्ब आणि क्रोएट सहकारीही होत्या. समुपदेशकाने थोडं अंतर राखावं, असं शिकवलं जातं. यांनी ते कसं राखायचं? शहरावर तोफगोळे पडत होते, रस्ते बंद होते, स्वतःच्या घरच्यांचा घोर होताच.

ही जवळीक उपयोगीही पडली. नवऱ्याला काय सांगू, सासरी तोंड कसं दाखवू, अल्लापुढे उभी कशी राहू, हे पीडित स्त्रियांचे प्रश्न या समुपदेशकांना फोड करून सांगावे लागत नव्हते. पण आपल्याच समाजातली बाई समोर बसली की बोलणारीला धास्तीही वाटते: हे गावात फुटलं तर? म्हणून गुप्तता तर पाळायचीच, पण समाजाचं मनही वळवायचं होतं. मेडिकाच्या स्त्रिया इमामांकडे गेल्या. या बायकांना दोष देऊ नका, मानाने वागवा, असं धार्मिक मत तिथून जाहीर झालं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला हे एकट्याने साधलं नसतं.

पुढे 2001 मध्ये हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाने बोस्नियातल्या फोचा शहरातल्या बलात्कारांना मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवलं. पीडित स्त्रियांनी दिलेल्या साक्षींवर तो खटला उभा होता. 2006 मध्ये बोस्नियाचा एक भाग असलेल्या फेडरेशनमधल्या कायद्याने अशा स्त्रियांना युद्धपीडित नागरिक म्हणून मान्यता दिली.

समुपदेशकांसाठी मात्र असा कायदा नसतो. दुसऱ्याची वेदना रोज ऐकून ऐकणाऱ्याचीही झोप उडते, चिडचिड वाढते, मन बधिर होतं. आणि ती वेदना आपल्याच माणसांची असेल तर घरी गेल्यावरही ती सुटत नाही. घाव सोसलेल्या समाजातलेच मदतनीस आपण शोधतो, ते योग्यच आहे. मग त्यांना पुरेशी रजा, कामाची वाटणी आणि त्यांचं ऐकून घेणारा अनुभवी माणूस, एवढी तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करायला हवी.