आठवड्याची घडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. चार माणसांपुढे बोलण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही धावता आणि वजनेही उचलता, आठवड्यात दोन्ही कसे बसवता, तेवढे सांगा." तेवढेच सांगते.

दोन वर्षे मी पहाटे धावत होते. पाच किलोमीटर न थांबता धावता येई, त्याचा मनातून थोडा तोराही होता. एके दिवशी सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. सुदैवाने हाड मोडले नाही. पण त्यांना उठता येईना आणि मला उठवता येईना. अखेर शेजारच्या वहिनींना हाक मारली. त्या दिवशी कळले, आपला दम वाढला, बळ वाढले नाही.

मग व्यायामशाळेत नाव घातले. "आता या वयात पैलवान होणार वाटते!" म्हणून घरात हसले. पण वय वाढते तसे स्नायू उतरतात, पाळी गेल्यावर हाडेही लवकर विरळ होतात. वजन पेलल्याने दोन्हींना आधार मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली चालण्याधावण्याबरोबर आठवड्यातून निदान २ दिवस बळाचा व्यायाम सांगितला आहे.

तुम्ही म्हणाल, घरात आम्ही काय कमी उचलतो? खरे आहे. पण पाण्याची बादली वर्षभर तेवढ्याच वजनाची राहते. अंगाला सवय झाली की बळ वाढायचे थांबते. दांडीवरचे वजन थोडे थोडे वाढवता येते, हाच तिचा गुण.

पहिल्यांदा मी हावरेपणा केला. रोज धावले, रोज वजने उचलली. महिन्यात गुडघा सुजला आणि दीड महिना दोन्ही बंद. कणीक मळल्यावर झाकून ठेवावी लागते, तसेच अंगाचे आहे. बळ वाढते ते विसाव्यात.

आता घडी अशी आहे. सोमवार आणि गुरुवार दांडीचे. मंगळवारी अर्धा तास हळू धावणे, शेजारणीशी बोलता येईल इतके हळू. बुधवारी थोडेच, पण मध्ये मध्ये जोरात. म्हणून गुरुवारी बैठकांचे वजन जरा कमी ठेवते. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी लांबची धाव. रविवारी पाहुणेरावळे आणि पायांना विश्रांती.

दांडीचे व्यायाम चारच: खांद्यावर घेऊन बैठका, जमिनीवरून उचलणे, डोक्यावर नेणे आणि वाकून पोटाकडे ओढणे. प्रत्येकी ५ वेळा, असे ३ सेट. बायकांची दांडी १५ किलोची असते; सुरुवात तेवढ्यावरच, तीही जड वाटली तर त्याहून हलकी घ्यावी. आणखी दोनदा उचलता येईल असे वाटतानाच थांबावे. सोपे झाले की दोन्ही बाजूंना सव्वा सव्वा किलो वाढवावे. दर चौथ्या आठवड्याला सगळेच कमी करावे. पाठ सरळ कशी ठेवायची ते जाणत्याकडून शिकावे, आणि रक्तदाब किंवा सांध्यांचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. ताटात डाळ, उसळ, दही किंवा अंडे हवेच. सगळ्यांना वाढून उरेल ते खाऊन बळ येत नाही.

वर्ष झाले. आज मी जमिनीवरून ५० किलो उचलते. मागच्या पावसाळ्यात सासूबाई अंगणात पुन्हा घसरल्या. कुठे लागले नाही ना, ते आधी पाहिले. मग काखेत हात घालून मी एकटीने त्यांना उभे केले. वहिनींना हाक मारावी लागली नाही.

ज्यांना यायचे असेल त्यांनी सोमवारी माझ्याबरोबर यावे. पहिल्या दिवशी दांडी रिकामीच उचलायची आहे.