पंगतीचा पोशाख

गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलीने आम्हां दोघा म्हाताऱ्यांना बोटीवर न्यायचा बेत केला. मुंबईहून निघायचे, दोनतीन रात्री समुद्रावर काढायच्या आणि पुन्हा मुंबईलाच उतरायचे. जायचे असे कुठेच नाही. बोटीवर राहणे हाच प्रवास. आम्ही विश्रांतवाडीची माणसे. आळंदी रस्त्यावरची वाहने आणि डोक्यावरून जाणारी लोहगावची विमाने एवढीच आमची रोजची वाहतूक. तेव्हा घरात जरा गडबडच उडाली.

तिकिटाच्या मागोमाग एक सूचनापत्र आले. त्यात जेवणघरातल्या कपड्यांविषयी मजकूर होता. संध्याकाळच्या जेवणाला नीटनेटके कपडे घालावेत. आखूड चड्डी, बिनबाह्यांचे बनियन, पोहण्याचे कपडे आणि रबरी सपाता चालणार नाहीत. एका रात्री मात्र खास पोशाख करावा. मंडळी म्हणाली, "मला काय, माझी इरकली आहे. तुमचं तुम्ही बघा!" नातू हिरमुसला. त्याचे म्हणणे, "आजोबा, सुट्टीवर जायचं ते मोकळं राहायला. पैसे आपण भरलेत, मग चड्डीवर जेवलं तर त्यांचं काय गेलं?"

प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नव्हता. मी तो आमच्या शेजारच्या हवालदारांपुढे ठेवला. ते लष्करातून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षे एका ऑफिसर मेसमध्ये वाढप्याचे काम केलेले. ते म्हणाले, "मास्तर, साहेबलोक कोट घालून कुणासाठी येत होते ते मला ठाऊक नाही. पण आम्ही दुपारपासून काटेचमचे पुसायचो, पांढऱ्या कपड्यांना कडक इस्त्री करायचो, पगडी बांधायचो. मग एखादा साहेब झोपेतून उठल्यासारखा आला, की वाटायचं, आपण उगाच राबलो."

कपड्यांचा हा नियम मी आजवर जेवणाऱ्याच्या बाजूनेच पाहत आलो होतो. वाढणाऱ्याच्या बाजूने तो असा दिसतो, हे मला त्या दिवशी कळले.

आपल्याकडच्या कितीतरी जुन्या माणसांना बोट म्हटली की आठवते ती कोकणबोट. तिथे पोशाखाची पंचाईत नव्हती. डेकवर वळकटी पसरायची आणि फडक्यात बांधून आणलेली भाकरी सोडायची. परंतु विलायतेला जाणाऱ्या मोठ्या बोटींची तऱ्हा निराळी. तिथे वरच्या वर्गात रात्रीच्या जेवणाला काळा पोशाख घालून यायचे असा रिवाज. पहिल्या रात्री मात्र सूट असे, कारण सामान अजून उलगडलेले नसायचे. त्यातही थोडा विचार होता. आठवडेच्या आठवडे चोहीकडे पाणी. सोमवार आणि गुरुवार सारखेच. अशा वेळी कपडे बदलून जेवायला बसणे म्हणजे दिवस संपल्याची खूण. पण हीच खूण नवख्या माणसाला धाकात ठेवी.

४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून एक अठरा वर्षांचा काठेवाडी मुलगा बॅरिस्टर व्हायला निघाला. त्याचे नाव मोहनदास गांधी. आत्मकथेत त्यांनी त्या प्रवासाची हकिगत मोकळेपणाने सांगितली आहे. इंग्रजी बोलायचा संकोच, काटेचमचे धरता येत नाहीत, कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायची लाज. म्हणून ते जेवणाच्या टेबलाकडे फिरकलेच नाहीत. घरून नेलेली मिठाई आणि फळे खोलीत बसून खाल्ली. बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा उतरताना शोभेल म्हणून राखून ठेवला. सप्टेंबरअखेर विलायतेला उतरून पाहतात, तो अंगावर पांढरे कपडे असलेले आपण एकटेच! हाच माणूस १९३१ साली लंडनच्या राजवाड्यात बादशहांकडे चहाला गेला तो पंचा नेसून, शाल पांघरून. मधल्या त्रेचाळीस वर्षांत इंग्रजांचे शिष्टाचार फारसे बदलले नव्हते; माणूस बदलला होता.

त्याआधी पाच वर्षे, १८८३ साली, आपल्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. आपला वेष आणि आपले अन्न सोडायचे नाही असा त्यांचा निश्चय होता. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडची थंडी त्यांना सोसणार नाही, हे ध्यानात घेऊन त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. साडी सोडली नाही. नेसण्याची रीत तेवढी बदलली. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. कशासाठी बदलायचे आणि कुठे थांबायचे, याची एवढी स्वच्छ समज विशीतल्या मुलीला होती.

श्रोतेहो, इथवर आपण साहेबाच्या टेबलाकडे बोट दाखवले. आता जरा आपल्या स्वयंपाकघरात येऊ या.

जेवणाच्या पोशाखाचे नियम आपल्याला साहेबाने शिकवले असे कुणी म्हणू नये. त्याचा काळा कोट आपल्या सोवळ्यापुढे काहीच नाही. आमच्या आजीचे लुगडे धुऊन उंच वलणीवर काठीने वाळत घातले जाई. त्याला कुणाचा हात लागला की ते गेले. सुताला विटाळ लवकर होतो, रेशमाला आणि लोकरीला होत नाही, असा हिशेब. म्हणून पुरुषांना कद किंवा मुकटा आणि मुलांना धाबळी. शिवलेला कपडा पंगतीला चालत नसे. सदरा काढायचा, उघड्या अंगाने पाटावर बसायचे. आम्हां मुलांना त्या टोचणाऱ्या धाबळीचा राग यायचा. पण मोठी माणसे सांगत, हे स्वच्छतेसाठी आहे. आणि आम्ही ते खरे मानीत होतो.

ही गोष्ट मी पुष्कळ वर्षे कुणाला सांगितली नव्हती. आम्ही तेव्हा खडकीला राहत होतो. माझी मुंज होती. वर्गातला माझा एक जिवलग मित्र. त्याचे वडील तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. मी त्याला आग्रहाने बोलावले. तो आला तो नवा कोरा सदरा घालून. माझ्या मुंजीसाठी त्याच्या आईने तो शिवून घेतला होता, हे त्यानेच मला दारात सांगितले. पहिली पंगत बसत होती. तो माझ्या शेजारच्या पाटाकडे आला. आमचे एक वडीलधारे नातेवाईक, स्वभावाने मुळीच वाईट नव्हते, हसतच त्याला म्हणाले, "बाळ, सदरा काढून ठेव आणि मग बस."

तो उभा राहिला. सदऱ्याच्या गुंडीला त्याने हात लावला आणि तसाच ठेवला. मला वाटले, आतली गंजी फाटकी असेल. तो काही बोलला नाही. "आईने लवकर बोलावलंय," असे पुटपुटला आणि चपला घालून निघून गेला. मी पाटावर बसलो होतो. मी उठलो नाही. मी जेवलो.

त्याच्या हाताचा अर्थ मला पुढे दोनतीन वर्षांनी उमगला. गंजीचा प्रश्न नव्हता. सदरा काढला असता म्हणजे उघड्या अंगावर जानवे नाही, हे साऱ्या पंगतीला दिसले असते. तो कपड्यांचा नियम कपड्यांसाठी नव्हताच. कुणालाही 'तू इथे बसू नकोस' असे तोंडाने न सांगता उठवायची ती सोय होती. नवा, धुतलेला, आईने हौसेने शिवून घेतलेला सदरा अस्वच्छ कसा ठरेल?

तेव्हापासून जेवणाच्या पोशाखाचा कुठलाही नियम वाचला, की मी एकच गोष्ट पाहतो. हा नियम अंगावरचा कपडा विचारतो आहे, की कपड्याआडून माणसाची जात, ऐपत, भाषा विचारतो आहे?

ह्या दुसऱ्या जातीचे नियम साहेब गेल्यावरही मागे राहिले. २०१४ साली चेन्नईतल्या एका क्लबाच्या कार्यक्रमाला मद्रास उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती वेष्टी नेसून गेले, तर त्यांना दारातून परत पाठवण्यात आले. वेष्टी म्हणजे तिकडचे धोतरच. बाप-आजे जे नेसून लग्नात उभे राहिले, ते वस्त्र त्यांच्याच गावात दाराबाहेर! त्याच वर्षी तमिळनाडूच्या विधानसभेने कायदा करून अशी बंदी मोडून काढली. न्यायमूर्ती होते म्हणून बोभाटा झाला. साधा माणूस कितीदा मुकाट्याने परत फिरला असेल, त्याची नोंद कोण ठेवतो?

मग नियमच नकोत का? नातवाचे म्हणणे मान्य करून चड्डीवर जेवायला बसावे का? ह्याचे उत्तर मला आमच्या विश्रांतवाडीनेच दिले. दरवर्षी ज्येष्ठ वद्यात ज्ञानोबारायांची पालखी आळंदीहून निघून ह्याच रस्त्याने पुण्यात जाते. वाटेवर जागोजागी वारकऱ्यांना खाऊपिऊ घालतात. त्या पंगतीतला पोशाख पाहावा. कुणाचे धोतर चिखलाने भरलेले, कुणी पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद पांघरलेला, बायांची लुगडी ओली. कपड्यावरून कुणी कुणाला उठवीत नाही. पण बारकाईने पाहिले तर तिथेही नियम आहेत. चपला बाहेर काढतात. हातपाय धुतात. पान वाढले म्हणून कुणी घास उचलत नाही. सगळ्यांना वाढून होते, विठ्ठलाचा गजर होतो, आणि मग पहिला घास. बोटीवर अनवाणी जाणे हा बेअदबीचा प्रकार आणि इथे चपला घालून बसणे ही बेअदबी. पाय एकच, मान द्यायची रीत निराळी. अन्नाला, वाढणाऱ्याला आणि शेजारी बसलेल्याला मान द्यायचा, हे मात्र दोन्हीकडे सारखेच.

म्हणून मी नातवाला सांगितले, "बाबा रे, तुझे कपडे साधे असले तर माझी हरकत नाही. पण पोहून आलेल्या ओल्या चड्डीवर जेवायला बसणं हा साधेपणा नव्हे. तुझ्या शेजारी कुणी बसणार आहे, समोर कुणी वाढणार आहे, त्यांची ती गैरसोय. धुतलेली विजार आणि सदरा घाल, तेवढं पुरे."

आणि बोटींच्या कंपन्यांकडूनही आपण काही अपेक्षा करायला हरकत नाही. नियम आधी सांगावा, दारात अडवून नव्हे. ज्याला पोशाख करायचा नाही त्याला त्याच तिकिटात, अपमान न होता, दुसरीकडे पोटभर जेवता यावे. आणि ज्याच्या त्याच्या देशात जो मानाचा वेष असेल तो इथेही मानाचा धरावा. आजच्या बहुतेक बोटींवर हे जवळजवळ साधले आहे. क्युनार्डसारखी जुनी कंपनी काही रात्री अजून काळ्या कोटाचा आग्रह धरते, पण तसा पोशाख न करणाऱ्यांसाठी निराळी जेवणघरे उघडी ठेवते. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने तर २००० सालापासून ठरीव वेळ आणि ठरीव पोशाख ही प्रथाच सैल केली.

शेवटी त्या खास रात्री मी बंद गळ्याचा कोट घातला. हवालदारांनी बूट आधीच चमकवून दिले होते. मंडळींची इरकली पाहून तिथल्या दोन परदेशी बायका काठाला हात लावून गेल्या. वाढायला आलेला मुलगा नेपाळी होता. नातवाने त्याचे नाव विचारले, तेव्हा तो मनापासून हसला.

आमचे सूप येते न येते तोच जेवणघराच्या दारात एक आजोबा दिसले. धोतर, सदरा, डोक्याला पांढरी टोपी, पायांत कातडी वहाणा. बरोबर मुलगा आणि सून. दारावरचा माणूस त्यांच्या पायांकडे पाहत थबकला. आजोबांचा हात टोपीकडे गेला, आणि तिथेच राहिला. गुंडीवर थांबलेला तसाच एक हात मला आठवला. माझी खुर्ची केव्हा मागे सरकली ते मला कळले नाही. मी उभा राहिलो होतो.

एवढ्यात दारावरचा तो माणूस बाजूला झाला, त्याने हात जोडले आणि आजोबांना आमच्या पलीकडच्या टेबलाशी नेऊन बसवले. मंडळी म्हणाली, "अहो, काय झालं? असे उभे का?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि खाली बसलो. पण पहिला घास घेतला तो त्या आजोबांच्या पानात वाढून झाल्यावर.