शेवटच्या चौकीवरचं इंधन



लष्करी वाहनांच्या पर्यायी इंधनांवर परिषद भरवायची, तर महाराष्ट्रात अहिल्यानगरइतकं योग्य ठिकाण दुसरं नाही. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे आणि डीआरडीओची वाहनसंशोधन संस्था, आपली व्हीआरडीई, इथेच आहे. अशा गावात या परिषदेचं अध्यक्षपद मिळणं हा मी माझा बहुमान समजते. आभार मानून थेट विषयाकडे वळते.

लष्कराचं इंधन किती पर्यावरणपूरक, हे नुसतं सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरावरून ठरवता येत नाही. ते इंधन रिफायनरीतून निघाल्यापासून शेवटच्या चौकीवर जळेपर्यंतचा सगळा हिशेब मांडावा लागतो. लडाखचंच पाहा. हिवाळ्यात वाटा बर्फाखाली जाण्याआधी, उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत, सहा महिन्यांचा साठा वर चढवायचा असतो. टँकर लेहपर्यंत जातात. पुढे बॅरल, मग जेरीकॅन, आणि जिथे चाक पोचत नाही तिथे खेचर, हमाल किंवा हेलिकॉप्टर. चौकीवरच्या एका लिटरसाठी वाटेत किती लिटर जळालं, हे आपण क्वचितच विचारतो. आणि हा हिशेब लिटरवर संपत नाही. 2009 मध्ये अमेरिकी लष्कराच्या पर्यावरणधोरण संस्थेने इराक-अफगाणिस्तानातल्या रसदीचा अभ्यास केला. अफगाणिस्तानात इंधन नेणाऱ्या साधारण दर 24 ताफ्यांमागे एक माणूस जखमी होत होता किंवा प्राणाला मुकत होता. म्हणून माझी कसोटी साधी आहे. ज्या उपायाने टँकरची फेरी वाचते, तो उपाय आधी.

या कसोटीवर पहिला मान वाहनांना मिळत नाही, हे वाहन अभियंत्यांच्या सभेत सांगणं मला आवश्यक वाटतं. दूरच्या चौकीवर जनरेटर रात्रंदिवस चालतात. दिवे, रेडिओ, रडार, बॅटऱ्यांचं चार्जिंग, सगळं त्यांच्यावर. शिवाय खोली उबदार ठेवायला बुखारीत रॉकेल जळतं. ही स्थिर यंत्रं आहेत. त्यांना वजनाची चिंता नाही, वेगाची नाही. लडाखात ऊन भरपूर आहे. चुशूलला सुमारे 4,400 मीटर उंचीवर एनटीपीसी आणि लष्कर मिळून सौर-हायड्रोजन वीजप्रकल्प उभा करत आहेत. दिवसा उन्हातून वीज, उरलेल्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन, आणि रात्री फ्युएल सेलमधून पुन्हा वीज. चोवीस तास 200 किलोवॅट मिळावेत आणि डिझेल जनरेटर बंद व्हावेत, अशी त्याची आखणी आहे. माझ्या मते आज देशात या विषयातलं सर्वांत मोलाचं काम हेच आहे.

आता गाड्यांकडे येऊ. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत काय करतं, हे लेहच्या वाटेवरच्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. आधी ते धुकट होतं. त्यातलं मेण कणाकणाने वेगळं होऊन फिल्टरच्या जाळीवर चिकटतं. इंजिन आचके देतं आणि बंद पडतं. मग डिझेलमध्ये रॉकेल मिसळा, टाकीखाली शेगडी धरा, असे जिवावरचे उपाय सुरू होतात. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलने पानिपत रिफायनरीत खास हिवाळी डिझेल तयार करून लडाखला पाठवलं. उणे 33 अंशांपर्यंत ते प्रवाही राहतं, आणि त्यात 5 टक्के बायोडिझेल आहे. बायोडिझेल थंडीत चालत नाही, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही नोंद जरूर पाहावी.

वायुदलाचं उदाहरण तर अभिमानाने सांगावं असं आहे. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने मोगली एरंडाच्या तेलापासून विमानाचं इंधन बनवलं. बिया छत्तीसगडच्या. डिसेंबर 2018 मध्ये चंदीगडला एएन-32 विमान त्या इंधनाचं मिश्रण घेऊन उडालं. पुढच्याच महिन्यात प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात राजपथावरून गेलं. 31 जानेवारी 2020 रोजी दोन्ही इंजिनांत 10 टक्के जैवइंधन घेऊन लेहच्या धावपट्टीवरून त्याने भरारी घेतली. विरळ हवा आणि गोठवणारी थंडी यांत इंजिनाने दगा दिला नाही. महत्त्वाचं म्हणजे इंजिनात काहीही बदल करावा लागला नाही. लष्कराला हेच हवं असतं. त्याच टाकीत, त्याच पंपातून, त्याच जवानाच्या हातून भरता येईल असं इंधन.

पण बिया आणायच्या कुठून? हा प्रश्न मला सर्वांत जास्त सलतो. वीस वर्षांपूर्वी मोगली एरंडाचं केवढं वारं सुटलं होतं! पडीक जमिनीवर सोनं पिकेल असं शेतकऱ्याला सांगितलं गेलं. महाराष्ट्रातही लागवडी झाल्या. पाणी-खत नसेल तर हे झाड जगतं, पण बिया देत नाही, हे कळेपर्यंत शेतकऱ्याची वर्षं वाया गेली होती. 2017 पर्यंत 20 टक्के जैवइंधन मिसळण्याचं देशाचं उद्दिष्ट होतं. डिझेलच्या बाबतीत आपण त्याच्या जवळपासही गेलो नाही. पुन्हा तसं होता कामा नये. लष्कराच्या नावाने शेतकऱ्याला स्वप्नं दाखवण्याआधी वापरलेलं खाद्यतेल, उसाची मळी, शेतातला काडीकचरा यांचा हिशेब पुरता करू. मे 2023 मध्ये पुण्याहून दिल्लीला प्रवासी विमान देशी जैवइंधनाच्या मिश्रणावर गेलं, त्यामागे पुण्याच्याच प्राज उद्योगाचं तंत्रज्ञान होतं. म्हणजे कौशल्य आपल्या दाराशी आहे.

विजेच्या गाड्यांबद्दल उत्साह आहे, आणि छावणीपुरता तो रास्त आहे. 2022 मध्ये लष्कराने निवडक शांतताकालीन तुकड्यांमध्ये 25 टक्के हलकी वाहनं, 38 टक्के बस आणि 48 टक्के मोटरसायकली विजेच्या करण्याचं ठरवलं. उत्तम निर्णय. 2024 मध्ये इंडियन ऑइलची हायड्रोजन बसही लष्कराच्या चाचणीत आली. 30 किलो हायड्रोजनवर ती 250 ते 300 किलोमीटर जाते. मात्र रणगाड्याचं गणित निराळं आहे. हजार लिटर डिझेलमधून इंजिन जेवढं काम काढतं, तेवढी ऊर्जा आजच्या लिथियम बॅटऱ्यांत साठवायची तर त्यांचंच वजन 17-18 टन होईल. आपला टी-72 सगळा मिळून सुमारे 41 टनांचा. शिवाय रणांगणात चार्जिंगसाठी थांबणार कोण? तिथे द्रव इंधनच लागेल, आणि ते बदलायचं तर द्रवच बदलावं लागेल. टी-72 चं इंजिन मुळात बहुइंधनी आहे. डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, वेळ आली तर पेट्रोलही ते चालवून घेतं. नवी इंजिनं आखताना हा गुण आपण हातचा सोडू नये.

एका अडचणीवर मात्र आपल्याकडे पुरेसं काम होताना मला दिसत नाही. नागरी गाडीतलं इंधन आठवड्याभरात संपतं. लष्कराचा युद्धसाठा वर्षानुवर्षं टाक्यांत पडून असतो. नेहमीचं बायोडिझेल हवेतला ओलावा ओढतं, हळूहळू त्याचं ऑक्सिडीकरण होतं, तळाच्या पाण्यात जिवाणू-बुरशी वाढते, रबरी सील फुगतात. युद्धाच्या दिवशी फिल्टर तुंबला तर पर्यावरणाचं कौतुक कुणाला? हायड्रोजनची प्रक्रिया केलेलं वनस्पती तेल या बाबतीत टिकाऊ असतं, कारण रासायनिक दृष्ट्या ते खनिज डिझेलच्या फार जवळचं आहे. महाग आहे खरं. तरी युद्धसाठ्यात जायचं असेल, तर जैवइंधन याच जातीचं असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. साधं बायोडिझेल छावणीच्या रोजच्या गाड्यांत वापरा.

मित्रहो, या परिषदेकडून मला घोषणापत्र नको, काम हवं आहे. इथल्या महाविद्यालयांनी जैवइंधनाचे नमुने बंद पिंपांत तीन-तीन वर्षं ठेवून दर तिमाहीला तपासावेत. उद्योजकांनी त्यासाठी पैसा आणि इंजिनं द्यावीत. निवृत्त जवानांनी, विशेषतः रसद आणि दुरुस्ती दलांतल्या हवालदार-सुभेदारांनी, कुठे काय बंद पडलं हे आपल्याला येऊन सांगावं. ते ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही. आणि निष्कर्ष, अपयशासकट, मराठीतही छापावेत. पहिला नमुना कोण ठेवतंय, त्यांनी आज संध्याकाळच्या सत्रानंतर मला भेटावं.