कापूर झाडाचा की कारखान्याचा?
(हीरक महोत्सवी समारंभातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



आज सकाळी सरस्वतीपूजनात कापूर उजळला, तेव्हा मला एक जुना तास आठवला. सातवीतील एका मुलाने विचारले होते, "बाई, हा कापूर झाडाचा की कारखान्याचा?" मी मराठीची शिक्षिका. "झाडाचा," असे सांगून मी पुढील धड्याकडे वळले. माझे उत्तर अपुरे होते, हे रसायन उद्योगात काम करणाऱ्या आपल्याच एका माजी विद्यार्थिनीने मला पुढे समजावून दिले.

कापूरवृक्षाच्या लाकडापासून कापूर मिळतो, हे खरे. परंतु आज बाजारातील बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून तयार होतो. पाइन वृक्षाच्या खोडाला खाच पाडली की चिकट चीक पाझरतो. त्याचे ऊर्ध्वपातन केले की टर्पेंटाइन वेगळे होते व राळ मागे उरते. टर्पेंटाइनमधील एक प्रमुख घटक म्हणजे पायनीन. वनस्पतींच्या सुगंधी तेलांत आढळणाऱ्या टर्पीन कुळातील हा रेणू १० कार्बन व १६ हायड्रोजन अणूंचा असतो. कापराच्या रेणूतही तेवढेच कार्बन व तेवढेच हायड्रोजन. अधिक असतो तो केवळ १ ऑक्सिजन. कारखान्यात आम्लधर्मी उत्प्रेरकाने पायनीनपासून कॅम्फीन, त्यापासून आयसोबोर्निऑल आणि शेवटी कापूर बनवतात. अणूंची मांडणी बदलते. परंतु झाडाने हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून सूर्यप्रकाशात घडवलेले दहाही कार्बन कापरात उतरतात.

खनिज तेल साठण्यास कोट्यवधी वर्षे लागली. पाइनचा चीक मात्र जिवंत झाडात पुन्हा तयार होतो. म्हणूनच रसायनशास्त्रज्ञ टर्पिनांकडे नवीकरणक्षम कच्चा माल म्हणून पाहतात. आपल्या परसातील गवती चहाच्या तेलात सिट्राल असते. त्यापासून आयोनोन हे सुगंधी द्रव्य बनते, आणि आयोनोनपासून 'अ' जीवनसत्त्वही तयार करता येते.

मात्र नवीकरणक्षम म्हणजे अक्षय नव्हे. खाच फार खोल गेली तर झाड दुबळे होते आणि वादळात मोडते. कारखान्यालाही उष्णता लागते, आम्ले लागतात. त्यांचा हिशेब चुकवून चालत नाही.

हे सारे त्या विद्यार्थिनीने आमच्या सातवीच्या वर्गाला मराठीतून सांगितले. तत्पूर्वी मी मुलांसमोर माझी चूक कबूल केली होती. महाराष्ट्राबाहेरच्या या शहरात आपल्या शाळेचा पट दरवर्षी घटतो आहे. "मराठीतून विज्ञान पुढे जमेल का?" असे पालक काळजीने विचारतात. कार्बनचा पहिला धडा या विद्यार्थिनीने याच इमारतीत, मराठीतूनच गिरवला. इंग्रजी संज्ञा तिने नंतर आत्मसात केल्या; त्यासाठी आधीचे काही पुसावे लागले नाही. आणि त्या मुलालाही तो प्रश्न घरच्या भाषेत विचारता आला, म्हणूनच तो मनात दडून राहिला नाही.

माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. देणगीचे आम्ही ऋणी आहोतच; परंतु वर्षातून एक तास वर्गावर या. आपण जे काम करता, ते मुलांना मराठीतून सांगा. त्यांच्या सगळ्याच प्रश्नांची उत्तरे आम्हां शिक्षकांपाशी नसतात. काही आपल्यापाशी आहेत.